तुम्ही विचारा : कंपनीचे आकडे तपासायचे कसे?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की कारखान्याच्या गेटवर प्रदूषणाच्या माहितीचा बोर्ड असतो तो येता-जाता वाचत जा, कारण धोकादायक कचरा तयार करणाऱ्या कारखान्यांनी हवा, पाणी आणि कचऱ्याची माहिती गेटवर लावायची हे सुप्रीम कोर्टाने २००३ सालीच सांगितलंय. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचा सूर एकच, वाचलं हो, पण विश्वास कसा ठेवायचा? सगळी छापणं शक्य नाही, निवडक घेतेय. नावं आणि गावं मुद्दाम काढलीयत, दोघातिघांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, बाकीच्यांचं मीच ठरवलं. मी स्वतः पाण्याच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीयत त्यामुळे उत्तरं लॅबवालीच्या नजरेने येणार, ते समजून घ्या.

प्रश्न : ताई, आमच्या गावाला लागूनच केमिकल झोन आहे. एका कंपनीच्या गेटवर डिजिटल बोर्ड आहे, त्यावर सगळं कायम हिरवं. पण रात्री अकरानंतर असा उग्र वास सुटतो की खिडक्या लावून झोपावं लागतं, पोरांचे डोळे चुरचुरतात. मोबाईलवर एक्यूआय बघितला तर 'समाधानकारक'. मग खोटं कोण बोलतंय, बोर्ड, मोबाईल का आमची नाकं? (एक गृहिणी, रायगड जिल्हा)

उत्तर : तिघंही खरं बोलत असतील हे शक्य आहे, आणि खरी पंचाईत तीच आहे. एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा निर्देशांक, बघा आधी. तो आठ गोष्टींवरून काढतात, पीएम १० आणि पीएम २.५ (हवेतले बारीक कण), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. तुमच्या नाकाला जे जाणवतंय ते बहुतेक वेळा यातलं नसतंच. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या कोबीसारखा असेल तर मरकॅप्टन (गंधकाची संयुगं), थिनरसारखा असेल तर कुठलं तरी सॉल्व्हंट, यातलं एकही एक्यूआयच्या यादीत नाही. आणि नाक या बाबतीत भारी मशीन आहे, हायड्रोजन सल्फाइड हवेच्या एक अब्ज भागांत पाच-दहा भाग असला तरी कळतो. फक्त एक लक्षात ठेवा, हाच गॅस फार जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं, त्यामुळे वास गेला म्हणजे गॅस गेला असं धरून बसू नका, विशेषतः नाल्याच्या किंवा चेंबरच्या जवळ.

दुसरी गोष्ट सरासरीची. समजा पीएम १० दिवसाचे २२ तास ४० होता आणि रात्री दोन तास ४०० झाला. चोवीस तासांची सरासरी किती? ७०. मर्यादा १००. म्हणजे बोर्ड हिरवाच राहणार, आणि हिशोब अगदी बरोबर असणार. तुम्ही जगताय ते दोन तास, बोर्ड सांगतोय तो अख्खा दिवस. त्यात कोकणात रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि थंडीत हवा खाली दबून राहते, धूर वर जातच नाही, म्हणून हवा मोजणारं स्टेशन तुमच्या गावाच्या उलट्या बाजूला असेल तर ते बिचारं खुशाल स्वच्छ हवा मोजत बसतं.

आता गेटवरचा बोर्ड. जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली ऑनलाइन मीटर सक्तीचे केले, चिमणीवर आणि ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) आउटलेटवर, त्याचा डेटा थेट मंडळाच्या सर्व्हरला जातो. चिमणीवर साधारण धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड, पाण्यात पीएच (आम्लता), सीओडी आणि बीओडी (पाण्यातली घाण ऑक्सिजन किती खाईल त्याचे आकडे), टीएसएस (तरंगणारा गाळ), फ्लो (किती पाणी वाहिलं). म्हणजे परत तेच, चिमणीतून जे जातं ते मोजलं, पण रिअ‍ॅक्टरच्या झाकणातून, टँकरच्या पाइपातून, उघड्या टाकीवरून जे सुटतं ते कोणी मोजलं? रात्रीचा वास पुष्कळदा तिथूनच येतो.

तेव्हा "हिरवं आहे का" हा प्रश्न सोडा आणि "रात्री ११ ते २ चे पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे द्या" असं मागा. २०१७ साली पर्यावरण सुरक्षा समितीच्या केसमध्ये (गुजरातमधली संस्था) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हा ऑनलाइन डेटा राज्य मंडळांनी आपल्या पोर्टलवर लोकांना दिसेल असा ठेवायचा. म्हणजे मागताना तुम्ही उपकार मागत नाही आहात. आकडे हातात आले की दोन गोष्टी बघा. चालू कारखान्याचा आकडा नाचतो, वर जातो खाली येतो, तो आठवडाभर सरळ रेषेत ३२, ३२, ३२ असा असेल तर मीटर अडकलाय किंवा अडकवलाय. आणि डेटा गायब आहे त्या वेळा लिहून काढा, रोज रात्रीच 'नेटवर्क प्रॉब्लेम' येत असेल तर तो प्रॉब्लेम नेटवर्कचा नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेत कंपनीच्या मॅनेजरनी जाड फाईल दाखवली, म्हणाले आम्ही दरवर्षी थर्ड पार्टी ऑडिट करतो, मान्यताप्राप्त एजन्सी आहे, सगळं लिमिटमध्ये आहे. लोक गप्प बसले. थर्ड पार्टी म्हणजे स्वतंत्र ना? मग अजून काय पाहिजे आपल्याला? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

उत्तर : गुरुजी, मॅनेजर साहेबांना एकच विचारायचं होतं, एजन्सीचं बिल कोण देतं? थर्ड पार्टी नावाला तिसरी, पण तिला निवडते कंपनी, पैसे देते कंपनी, आणि रिपोर्ट आवडला नाही तर पुढच्या वर्षी बदलतेही कंपनीच. जेवायला बोलावणाऱ्याने वाढता वाढता विचारलं भाजी कशी झालीय, तर पाहुणा खारट आहे म्हणेल का?

हे मी टोमणा म्हणून नाही बोलत, याचा चक्क प्रयोग झालाय आणि तो आपल्या शेजारी गुजरातमध्ये. तिथे हायकोर्टाच्या आदेशाने १९९६ पासून कारखान्यांचं पर्यावरण ऑडिट सक्तीचं आहे. २००९ ते २०११ मध्ये एस्थर डुफ्लो (ज्यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्याच), मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरातच्या मंडळाबरोबर मिळून अहमदाबाद आणि सुरत भागातले कारखाने घेतले. अर्ध्या कारखान्यांत जुनीच पद्धत ठेवली, कंपनीने ऑडिटर निवडायचा आणि पैसे द्यायचे. उरलेल्यांत ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखा कुठलाही लावला, त्याची फी ठरलेली आणि ती एका वेगळ्या सामाईक फंडातून, आणि वर काही कारखान्यांत दुसरी टीम गुपचूप जाऊन तेच सँपल परत मोजणार. जुन्या पद्धतीत काय सापडलं माहितीय? चिमणीतल्या धुळीची मर्यादा होती १५०, आणि ऑडिटरांचे आकडे १५० च्या जरासे खाली गर्दी करून बसलेले. ऑडिट रिपोर्टप्रमाणे ७ टक्के कारखाने मर्यादा ओलांडत होते, दुसऱ्या टीमने मोजलं तेव्हा निघाले ५९ टक्के!

नवीन पद्धत लावल्यावर खोटं 'पास' देण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं, आणि मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पुढची, कारखान्यांनी खरोखर प्रदूषण कमी केलं. कारखाने तेच, ऑडिटरसुद्धा बरेचसे तेच, फक्त ऑडिटर निवडणारा आणि पैसे देणारा हात बदलला आणि वर फेरतपासणी आली. गुजरातने २०१५ साली ऑडिटर असेच चिठ्ठीने नेमायचे नियम काढले. महाराष्ट्राने २०१७ पासून कारखान्यांना चिमणीच्या सँपलवरून एक ते पाच स्टार द्यायला सुरुवात केली, तेही बघण्यासारखं आहे, पण स्टार कशावरून दिलाय आणि ते सँपल कोणी घेतलंय हा प्रश्न तिथेही विचारायचाच.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत फाईलला हात लावू नका, मागणी ठेवा की एजन्सी ग्रामपंचायत आणि मंडळ मिळून निवडतील, पैसे कंपनी देईल पण मंडळाकडे किंवा तहसील पातळीवरच्या खात्यात भरेल, आणि सँपलची तारीख कंपनीला आधी कळणार नाही. कंपनी खरंच स्वच्छ असेल तर तिला यात तोटा काय आहे?

प्रश्न : आमचा पट्टा पूर्वी 'अतिप्रदूषित' यादीत होता, आता स्कोअर बदललाय म्हणे. सुधारला की बिघडला कसं समजायचं? (तारापूरजवळून)

उत्तर : तुम्ही सीईपीआय म्हणताय, औद्योगिक पट्ट्यांचं प्रदूषण मोजायला केंद्रीय मंडळाने आयआयटी दिल्लीला घेऊन २००९ मध्ये सुरू केलेला स्कोअर, ७० च्या वर गेलं की क्रिटिकली पोल्यूटेड, म्हणजे तुमचं 'अतिप्रदूषित'. तारापूर २००९ ला ७२.०१ होतं, २०१८ ला ९३.६९, म्हणजे देशात पहिला नंबर. पण मधेच २०१६ ला मोजायची पद्धत बदललीय, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून "जवळपास २२ ने बिघडलं" असं म्हणता येत नाही, तसंच ज्यांचा स्कोअर उतरला त्यांनी पेढे वाटण्यातही अर्थ नाही. स्कोअर मागूच नका, तो ज्या स्टेशनांच्या आकड्यांवरून काढला ते मूळ आकडे मागा, ते वर्षानुवर्षं एकाच ठिकाणचे असतील तरच तुलना होते.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे (पहिलीच टर्म). माहिती अधिकारात अर्ज टाकला की "कंपनीच्या प्रदूषणाची सर्व माहिती द्या", उत्तर आलं की माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, नेमकं सांगा. नेमकं काय मागायचं हेच तर माहीत नाही! (कोकणातून)

उत्तर : हाहा, हे उत्तर मंडळाकडून नाही आलं तर दुसऱ्या कुठून येणार, पण एक सांगते, यात त्यांची तितकीशी चूक नाही. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, त्यामुळे 'सर्व माहिती' हा अर्ज मुळातच पडतो. दहा रुपयांचे चार वेगवेगळे अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील.

एकात कन्सेंट मागा, म्हणजे मंडळाने दिलेलं संमतीपत्र, त्याच्या सगळ्या अटींसकट. हे तर खरं म्हणजे अर्जाशिवायही बघायला मिळालं पाहिजे, कारण १९७४ च्या पाणी कायद्याच्या कलम २५ मध्ये मंडळाने संमतीचं रजिस्टर ठेवायचं आणि ज्याला त्या सांडपाण्याचा त्रास होतो अशा कोणालाही ते बघू द्यायचं असं आहे, हवेच्या कायद्यात कलम ५१ आहे. दुसऱ्यात फॉर्म ५, म्हणजे वार्षिक पर्यावरण विवरण, कंपनीने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं असतं. तिसऱ्यात घातक कचऱ्याचा फॉर्म ४, तो ३० जूनपर्यंत. चौथ्यात मंडळाने स्वतः घेतलेल्या सँपलचे रिपोर्ट, त्यांच्या भाषेत 'जेव्हीएस (जॉइंट व्हिजिलन्स सँपल) रिपोर्ट' म्हणा, लगेच कळेल त्यांना. शिवाय कंपनीला केंद्राची पर्यावरण मंजुरी असेल तर तिने दर १ जून आणि १ डिसेंबरला सहामाही अनुपालन अहवाल द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक कागद आहे, तो आधी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर शोधा, अर्ज वाचेल.

आता कागद आले की एकेक वाचू नका, एकमेकांसमोर ठेवून वाचा. गंमत सगळी तिथे आहे. प्रत्येक फॉर्म वेगळ्या माणसाने, वेगळ्या महिन्यात, वेगळ्या टेबलावर भरलेला असतो आणि खोटं लिहायचं झालं तर चारही ठिकाणी जुळवून लिहावं लागतं, तेवढा उद्योग सहसा कोणी करत नाही. फॉर्म ५ मधलं उत्पादन कन्सेंटमध्ये दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे का? पाणी किती आत घेतलं (एमआयडीसीचं पाणीबिल आहे) आणि सांडपाणी किती बाहेर दाखवलं? १०० आत आणि १५ बाहेर असेल तर उरलेलं ८५ कुठे गेलं, वाफ झाली, मालात गेलं, का नाल्यात? आणि माझा आवडता, गाळ. ईटीपी खरंच चालली तर गाळ निघतोच, त्याला पर्याय नाही, आणि तो तळोजा किंवा रांजणगाव इथल्या घातक कचऱ्याच्या केंद्रांसारख्या ठिकाणी नोंद करून पाठवावा लागतो. वर्षभर हजारो घनमीटर सांडपाणी 'प्रक्रिया' केलं आणि गाळ निघाला दोन पोती, तर त्या ईटीपीचं वीजबिल बघायची वेळ आली म्हणून समजा.

अजून एक, सीओडी २५० (लिटरमागे मिलिग्रॅम) च्या आत आहे एवढ्यावर खूश होऊ नका. रोज १०० घनमीटर पाणी २५० सीओडीचं सोडलं तर नाल्यात २५ किलो गेलं. आता तेच १०० घनमीटर पाणी ९६० सीओडीचं असेल, आणि त्यात बोअरचं साधं पाणी मिसळून ४०० घनमीटर केलं आणि सीओडी २४० आला, तर रिपोर्ट पहिल्यापेक्षा छान पण नाल्यात गेलं ९६ किलो. म्हणून फ्लोचा आकडा नसलेला रिपोर्ट अर्धाच रिपोर्ट.

'व्यापारी गुपित' म्हणून नाकारलं तर घाबरू नका. त्या कलमातच म्हटलंय की व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी लागते, आणि नाल्यात काय सोडलं हे गुपित असूच कसं शकतं? अपिलात हेच लिहा. आणि शक्य असेल तर कागद मागण्याऐवजी 'फाईल पाहणी' मागा, पहिला तास फुकट असतो आणि फाईलच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले शेरे झेरॉक्समध्ये येत नाहीत.

प्रश्न : आम्ही पोरांनी वर्गणी काढून पाच-सहा हवेचे सेन्सर घ्यायचं ठरवलंय, ऑनलाइन मिळतात ते. आणि विहिरीचं पाणी चेक करायला टीडीएस मीटर. मग आपला स्वतःचा डेटा असेल तर कोणाच्या तोंडाकडे बघायला नको. बरोबर ना ताई? (तरुण मंडळ, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : उत्साह आवडला पण खिशात हात घालायच्या आधी ऐका. हे स्वस्त सेन्सर लेझरच्या प्रकाशाने कण मोजतात आणि हवा दमट असली की पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजतात. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर! तुमचा सेन्सर धुक्यालाही प्रदूषण म्हणेल, आणि कंपनीचा माणूस मीटिंगमध्ये ते दोन मिनिटांत दाखवून देईल, मग तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. घ्यायचेच असतील तर दोन घ्या, आधी थोडे आठवडे मंडळाच्या जवळच्या स्टेशनशेजारी लावून दोघांचे आकडे किती जुळतात ते बघा, आणि एक गावात, एक वाऱ्याच्या वरच्या बाजूला अशा गावात जिथे कंपनी नाही, असे ठेवा. एकटा आकडा काही सांगत नाही, फरक सांगतो. गॅसच्या वासासाठी तर हे सेन्सर निरुपयोगीच. तिथे तामिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट (आपल्या एमआयडीसीसारख्या) पट्ट्यात गावकऱ्यांनी २००४ पासून केलं ते बघा, प्लॅस्टिकच्या बादलीत एक खास पिशवी, वास आला की झडप उघडून हवा पिशवीत भरायची आणि लॅबला पाठवायची, शिवाय रोजच्या वासाची नोंदवही. ही बादली मूळ कॅलिफोर्नियातली, १९९५ च्या सुमाराची. लॅबचा खर्च मात्र भरपूर येतो, म्हणून उठसूट नाही, नोंदवहीवरून वेळ पक्की झाली की मगच.

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार सांगतो, बास. सॉल्व्हंट, क्रोमियम, कीटकनाशक यातलं काही त्याला कळत नाही, आणि समुद्राजवळच्या विहिरीला तो तसाही वरच दाखवणार. त्या पैशात एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये दोन विहिरींची नीट टेस्ट होते का ते विचारा. बाटली लॅबकडूनच घ्या (माझा यावर फार जोर आहे, कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणलेली सँपलं मी किती बघितलीयत विचारू नका). जड धातूंसाठी प्लॅस्टिकची बाटली आणि त्यात नायट्रिक अ‍ॅसिड, तेल-ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची, सॉल्व्हंटसाठी छोटी कुपी जिच्यात हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. बर्फात ठेवून न्यायचं, बीओडी करायचा असेल तर चोवीस तासांच्या आत. भरताना फोटो, लोकेशन, वेळ, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि लॅबला पावतीवर लिहायला लावा की बाटली सीलबंद मिळाली.

आणि एवढं करूनही हे कोर्टात कंपनीविरुद्ध थेट पुरावा होईल असं धरू नका. पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कायदेशीर सँपल म्हणजे अधिकाऱ्याने तिथल्या तिथे नोटीस देऊन, दोन भाग करून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी सील केलेलं. तुमच्या बाटलीचं काम वेगळं आहे, तिने अधिकाऱ्याला तिथे यायला भाग पाडायचं. कलम ४९ प्रमाणे तुम्ही मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन स्वतः कोर्टात तक्रार करू शकता, आणि तशी तक्रार दाखल केली की मंडळाकडचे रिपोर्ट तुम्हाला मागता येतात, जनहिताचं कारण दाखवूनच ते नाकारू शकतात. ही नोटीस नुसती पोस्टाने गेली तरी फाईल हलते असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

प्रश्न : माझे बाबा त्याच कंपनीत ऑपरेटर आहेत. गावात आकड्यांची मागणी सुरू झाल्यापासून घरात भांडणं होतात, बाबा म्हणतात तुम्ही कंपनी बंद पाडणार. मी काय बोलू त्यांना? (नाव नको)

उत्तर : बाळा, त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांची भीती खोटी नाहीये, हप्ते त्यांच्याच पगारातून जातात. पण त्यांना एकदा शांतपणे विचार की गॅस गावात पोचायच्या आधी कोणाच्या नाकातून जातो? डोंबिवलीत २०१६ आणि परत २०२४ च्या मे महिन्यात स्फोट झाले, त्यात आधी गेले ते कामगार. भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये ४१ ब हे कलम घातलं गेलं, की धोक्याची माहिती मालकाने कामगारांना आणि आसपासच्या लोकांना, दोघांनाही द्यायची. म्हणजे कायद्याने तुला आणि बाबांना एकाच बाजूला बसवलं होतं. त्यांचं नाव मात्र कुठल्याही अर्जावर, कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊ देऊ नकोस, आतली माहिती त्यांच्याकडून काढून वापरायचा मोह तर अजिबात नको. वर सांगितलेले सगळे कागद बाहेरूनच मिळतात.

प्रश्न : आमच्या भागातले दोन डॉक्टर आरोग्याचा सर्व्हे करायला तयार आहेत. असल्या सर्व्हेला कोणी विचारतं का? (चेंबूर)

उत्तर : तुमच्या शेजारच्या माहूलचंच उदाहरण आहे की! २०१३ मध्ये केईएम हॉस्पिटलच्या टीमने माहूल-आंबापाडा भागात श्वसनाचा सर्व्हे केला, ६७.१ टक्के लोकांनी सांगितलं की महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते, ८६.६ टक्क्यांनी डोळ्यांची जळजळ, ८४.५ टक्क्यांनी छातीत गुदमरल्यासारखं. स्थानिक रहिवाशांनी हरित लवादात केस टाकली होती तिथे २०१५ च्या निकालात हा सर्व्हे धरला गेला, आणि २०२० साली लवादाने तिथल्या चार कंपन्यांवर मिळून २८६ कोटींच्या आसपास भरपाई बसवली. त्या सर्व्हेला वजन आलं कारण तो करणारे तक्रारदार नव्हते, महापालिकेचं हॉस्पिटल होतं.

तुमच्या डॉक्टरांना सांगा की मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (सामाजिक आरोग्य) विभागाला बरोबर घ्या आणि त्यांच्या एथिक्स कमिटीची परवानगी काढा, प्रश्न विचारायला त्या वस्तीबाहेरची मुलं पाठवा, आणि प्रश्नावलीत कंपनीचं नाव सुद्धा नको. "कंपनीच्या धुराचा त्रास होतो का?" असं विचारलं की सगळे हो म्हणणार, "गेल्या महिन्यात किती वेळा धाप लागली?" असं विचारायचं. तेच प्रश्न लांबच्या, तशाच गरीब वस्तीतही विचारायचे, नाहीतर समोरचा वकील म्हणेल धाप सिगारेटमुळे, चुलीमुळे, डासांच्या कॉइलमुळे, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

प्रश्न : तक्रार केली की अधिकारी दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला येतात, तोवर नाला स्वच्छ. सँपल पास. तिसऱ्यांदा असं झालंय. (एक शेतकरी, पुणे जिल्हा)

उत्तर : दादा, तक्रार फोनवर करत असाल तर ती झालीच नाही असं समजा. नाल्याला रंग आला त्या मिनिटाला फोटो काढून ईमेल, एसआरओला (मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला) आणि कॉपी कलेक्टरला, त्यात लिहायचं की रात्री इतक्या वाजता पाणी सुटतं, कृपया याच वेळेत सँपल घ्यावं किंवा चोवीस तासांचं दर तासाला थोडं थोडं असं एकत्र सँपल घ्यावं. तुमच्या ईमेलची वेळ आणि त्यांच्या सँपलची वेळ यातलं अंतर कागदावर आलं पाहिजे.

आणि मग एक छोटा माहिती अधिकार अर्ज, रिपोर्ट नकोतच त्यात. फक्त मागच्या दोन वर्षांत या कारखान्याचं सँपल कोणत्या तारखेला, कोणत्या वारी, किती वाजता घेतलं त्याचा तक्ता द्या एवढंच. सगळी सँपलं सोमवार ते शुक्रवार अकरा ते पाचमधली निघाली तर 'सगळं लिमिटमध्ये आहे' याचा अर्थ 'ऑफिसच्या वेळेत लिमिटमध्ये आहे' एवढाच होतो, आणि हे सिद्ध करायला ना सेन्सर लागतो ना लॅब. तक्ता आला की एक प्रत मलाही पाठवा.